एंडेमिक आजार: 'प्रदेशनिष्ठ' की आणखी काही?

भूगोल आणि आरोग्य यांच्या संबंधावरचा एक लेख मराठीत आणते आहे. 'एंडेमिक'पाशी गाडी अडली. वाक्य साधेच आहे: 'दलदलीच्या या पट्ट्यात मलेरिया एंडेमिक आहे.' 'प्रदेशनिष्ठ आहे' असे लिहून पाहिले, पण कानाला खटकते आणि का खटकते ते सांगता येत नाही. शिवाय हवापाण्यासाठी 'मानवणे', 'बाधणे', 'लागणे' ही क्रियापदे मी एकमेकांच्या जागी बिनधास्त वापरली आहेत. चालतील का?

निष्ठा कसली डोंबलाची!
'प्रदेशनिष्ठ' प्राणी-वनस्पतींसाठी रुळला आहे. कोमोडो ड्रॅगन इंडोनेशियाच्या मोजक्या बेटांवरच सापडतो. म्हणजे इथेच, अन्यत्र नाही. आजार एंडेमिक असतो तेव्हा अर्थ 'इथे कायम' एवढाच. मलेरिया आफ्रिकेत आहे, दक्षिण अमेरिकेत आहे, आशियातही आहे. एकाच विशेषणावर दोन्ही अर्थ लादले की खटकणारच. मी 'मुक्कामी आजार' लिहीन. साथ येते आणि ओसरते, हा हलत नाही.

मुक्काम नको
मुक्काम चार दिवसांचा असतो, पाहुणा उठतोच. 'ठाण मांडून बसलेला' म्हणा. लांबलचक आहे, मान्य.

तीन क्रियापदे, तीन कामे
'मानवणे' म्हणजे सोसणे, पचनी पडणे. 'बाधणे' म्हणजे अपाय होणे. 'पाणी लागणे' यातही अपायच, पण त्यात त्या जागेवर बोट ठेवलेले असते: तिथले पाणी लागले. पूर्व आफ्रिकेच्या खचदरीत ज्वालामुखीच्या खडकांतून भूजलात फ्लोराइड उतरते. लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. तिथे अनेक ठिकाणी ते याहून कितीतरी जास्त असते. मुलांच्या दातांवर आधी खडूसारखे पांढरे, मग तपकिरी डाग येतात, आणि वर्षानुवर्षे तेच पाणी पोटात गेले की हाडेही धरतात. इथे 'पाणी लागले' शंभर टक्के बरोबर.

आता गलगंड घ्या. आल्प्समध्ये पूर्वी लोक बर्फाच्या पाण्याला दोष देत. प्रत्यक्षात हिमनद्यांनी आणि पावसाने डोंगरातल्या मातीतले आयोडीन धुऊन नेले होते. जे नव्हते त्याने गळे सुजले. स्वित्झर्लंडमध्ये 1922 पासून आयोडीनयुक्त मीठ येऊ लागले आणि गलगंड हटत गेला. इथे 'लागले' म्हणणे फसवे, कारण लागायला काहीतरी असावे लागते. तुमच्या लेखात गलगंड असेल तर ते वाक्य पुन्हा तपासा.

मानवणे: अंगाला की पिढ्यांना?
वरच्या प्रतिसादाला जोड. सपाटीवरचा माणूस अडीच हजार मीटरच्या वर चढला की डोके ठणकते, झोप उडते. काही आठवड्यांत रक्तात तांबड्या पेशी वाढतात आणि त्याला ती हवा मानवते. तिबेटी लोकांचे तसे नाही: त्यांच्या जनुकांतच फरक आहे आणि त्यांचे हिमोग्लोबिन त्या उंचीवरही फारसे चढत नाही. एक सरावला, दुसरा पिढ्यांमागून पिढ्या घडला. आपल्याकडे दोघांनाही हवा 'मानवते'. लेखात पहिल्याला 'सरावणे' आणि दुसऱ्याला 'अनुकूलन' ठेवावे. आयुर्वेदात प्रदेशानुसार मानवणारे 'देशसात्म्य' आणि सवयीने आलेले 'ओकसात्म्य' असे दोन शब्द आहेत, पण ते वापरले तर तळटीप द्यावी लागेल आणि ती कुणी वाचणार नाही.

थोडे अवांतर
मलेरिया या शब्दातच भूगोल आहे: इटालियनमध्ये 'वाईट हवा'. दलदलीवरची कुबट हवा ताप आणते असा समज होता. 1880 मध्ये फ्रेंच डॉक्टर लाव्हरान यांना रक्तात परजीवी दिसला, 1897 मध्ये ब्रिटिश डॉक्टर रॉस यांना तो डासाच्या पोटात सापडला आणि हवा निर्दोष सुटली. गंमत अशी की चुकीच्या समजुतीने उपसलेल्या दलदलींनीही ताप कमी केला, कारण साचलेल्या पाण्याबरोबर अळ्याही गेल्या. मराठी 'हिवताप' मात्र जागेबद्दल अवाक्षर काढत नाही, फक्त अंगात भरणाऱ्या हुडहुडीबद्दल बोलतो. मला तो जास्त प्रामाणिक वाटतो.

पुन्हा मीच
सगळ्यांचे आभार. वाक्य असे केले: 'दलदलीच्या या पट्ट्यात हिवतापाने कायमचे ठाण मांडले आहे.' गलगंडाच्या परिच्छेदात खरोखरच 'पाणी लागते' लिहिले होते, ते काढून 'मातीत आयोडीन उणे' केले. शीर्षकात 'ठाण मांडलेले आजार' बसत नाही, तिथे तूर्त 'एंडेमिक'च राहू देते.

'कायमचे' गाळा
दलदल उपसली तर ठाण उठते, हे वर आलेच आहे. 'कायमचे'ऐवजी 'वर्षानुवर्षे' बघा.