मदत हवी आहे: सिनिअर ताईंचा पाठ बघायला जाताना हातपाय गार पडतात

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

पुण्यात पेठेतल्या एका अनुदानित शाळेत १९ वर्षं गणित शिकवतेय, या जूनपासून मुख्याध्यापिका झालेय. सेवाज्येष्ठतेत माझ्या आधी एक ताई होत्या पण घरच्या आजारपणामुळे त्यांनी लेखी नकार दिला आणि पद माझ्याकडे आलं. कागदांची भीती होती ती गेली. शालार्थ या सरकारी पगार-प्रणालीवरची बिलं, यू-डायसवर भरायची शाळेची वार्षिक माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, सगळं क्लार्कदादांशेजारी बसून शिकले.

अडतंय ते माणसांपाशी. वर्गात ६० पोरांसमोर माझा आवाज खणखणीत असतो पण स्टाफ मीटिंगला कालपर्यंत ज्यांच्यासोबत डबा खाल्ला त्यांच्यासमोर उभं राहिलं की घसाच कोरडा पडतो, बदली तास लावतानासुद्धा आधी मनात दहा वेळा माफी मागून होते.

परवा त्याच ताईंच्या आठवीच्या मराठीच्या तासाला मागच्या बाकावर बसले होते. पूर्ण तासभर पुढच्या पाच-सहा मुलीच उत्तरं देत होत्या, मागची पोरं फळ्यावरचं नुसतं उतरवून घेत होती. मला स्पष्ट दिसत होतं हो. आणि पाठ बघून शेरा लिहायच्या लॉगबुकात लिहून काय आले तर ‘पाठ छान झाला’. नोकरीच्या पहिल्या वर्षी फळ्याचे भाग कसे पाडायचे हे ज्यांनी मला शिकवलं त्यांना मी काय सांगणार, असं झालं. रात्री झोप नाही लागली, ती मागची पोरंपण माझीच आहेत ना.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात मुख्याध्यापकांसाठीही वर्षाला ५० तास प्रशिक्षण म्हटलंय, दीक्षा या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर शिक्षक-प्रशिक्षणाचे निष्ठाचे कोर्स मी केलेत, शालेय नेतृत्वाचा भागही मन लावून वाचला. पटतं सगळं. पण ताईंसमोर बसल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं ते कळत नाही. जे शिक्षकाचे मुख्याध्यापक झालेत त्यांनी प्लीज सांगा, सुरुवात कशी केलीत?

प्रतिसाद:
मॅडम, मी हडपसरकडचा, निवृत्त मुख्याध्यापक. माझंही पहिलं वर्ष असंच गेलं. मला उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे आधी स्वतःचा तास उघडा ठेवायचा. त्या ताईंनाच बोलवा, आणि एकच काम द्या, ‘मी कोणाकोणाला प्रश्न विचारते तेवढं बसण्याच्या नकाशावर खुणा करून द्या’. तुमच्याही खुणा पुढेच जास्त पडतील बघा, बहुतेकांच्या पडतात. मग त्यांच्या तासाला तोच नकाशा घेऊन जा. मत द्यायचंच नाही, कागद दोघींच्या मधे ठेवायचा आणि विचारायचं, ताई, तुम्हाला यात काय दिसतं? त्याच दिवशी बोला, शिळं करू नका. लॉगबुक बोलणं झाल्यावर, त्यांना वाचून दाखवून. आणि केबिनमधे समोरासमोर नको, रिकाम्या वर्गात बाकावर शेजारी बसा.

धागाकर्ती:
सर, मनापासून आभार, डोळ्यात पाणी आलं वाचून. खुणांचं डोक्यातच आलं नव्हतं. आत्ताच ताईंना फोन केला, उद्या तिसऱ्या तासाला दहावी ब वर माझा वर्गसमीकरणांचा पाठ आहे त्याला या म्हटलं. क्षणभर गप्प होत्या, मग म्हणाल्या, ‘येते गं, पेन्सिल माझी आणते.’ अजून एकच विचारायचंय, नकाशावर मुलांची नावं लिहू की नुसते बाक क्रमांक?