मदत हवी आहे: संसार करणाऱ्या दोन पुरुषांची मांगा सुचवा
नमस्कार मंडळी, फुमी योशिनागा यांची 'किनौ नानी ताबेता?' (काल काय खाल्लंस?) ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचतेय आणि अगदी गुंतून गेलेय. वकील शिरो आणि हेअरड्रेसर केंजी, तोक्योत एकत्र राहणारं मध्यमवयीन जोडपं. शिरो सुपरमार्केटात काय स्वस्त आहे ते बघून रात्रीचा स्वयंपाक ठरवतो, पण ऑफिसात केंजीबद्दल चकार शब्द काढत नाही. केंजी सलूनमध्ये मोकळेपणाने बोलतो, त्यावरून दोघांचं वाजतं. २००७ पासून ही मालिका प्रौढ पुरुषांसाठीच्या 'मॉर्निंग' साप्ताहिकात येते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मोतो हागिओ, केइको ताकेमिया या मांगाकारांच्या सत्तरच्या दशकातल्या, युरोपातल्या वसतिगृहांत घडणाऱ्या, मुलग्यांमधल्या प्रेमाच्या कथा माहीत आहेत. सुंदरच, पण जीव पिळवटून टाकतात. गेंगोरो तागामे यांची 'ओतोतो नो ओत्तो' (धाकट्या भावाचा नवरा) ही मांगाही वाचून झाली.

आता असंच घर, म्हातारे आईवडील, पैसे, आजारपण असलेलं काय वाचू? जपानमध्ये समलिंगी विवाहाला अजून कायदेशीर मान्यता नाही. त्या अडचणी कथेत थेट येत असतील तर फारच छान. शाळकरी मुलांच्या गोष्टी नकोत. अधिकृत इंग्रजी अनुवाद भारतात छापील किंवा डिजिटल कुठे मिळतो, तेही कृपया सांगा.