स्टेंट टाकून वर्ष झालं, तरी जिना चढताना छाती आवळते. गोळ्यांचं कुणी कसं बसवलं?

सुदामानगरचे_नाना
नमस्कार मंडळी. वय ६३, बँकेतून रिटायर, मुक्काम इंदूर. मागच्या दिवाळीआधी दोन स्टेंट टाकले. अटॅक नव्हता आला, चालताना छाती भरून यायची म्हणून अँजिओग्राफीला गेलो आणि त्याच टेबलावर काम उरकलं. पहिले तीन-चार महिने एकदम मस्त, कॉलनीच्या बागेत चार चार चकरा मारायचो, मग हळूहळू परत सुरू झालं. दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, भाजीची पिशवी घेऊन चढलं की छातीत आवळतं, कधी जबड्यापर्यंत जातं, थांबलो की दोन-तीन मिनिटात ओसरतं. जेवून लगेच चाललो तर हमखास. चार महिन्यांपूर्वी परत अँजिओग्राफी झाली, स्टेंट उघडे आहेत म्हणाले, फाईल मिटली आणि "टेन्शन घेऊ नका". बायको म्हणते गॅस आहे, मुलगा म्हणतो बाबा मोबाईलवर कमी वाचा.
चालू गोळ्या: मेटोप्रोलोल २५ (नाडी हळू करणारी), ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल (या दोन रक्त पातळ करणाऱ्या), अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४०, मोनोनायट्रेट २० सकाळी ८ ला आणि रात्री ८ ला. सॉर्बिट्रेट (दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी) खिशात असते पण घेत नाही, सवय लागायला नको म्हणून.
कुणाचं गोळ्यांवर नीट बसलंय का? आणि ते ३५ दिवस पायाला पट्टे बांधून करतात ते ईईसीपी करावं का? एका ठिकाणी पॅकेज गळ्यात मारायला बसलेत.

माळवी_मिरची
नाना, माझ्या आईचं अगदी हेच होतं. सगळे म्हणायचे मनाचं आहे. मनाचं असतं तर नेमकं जिन्यावरच कसं दुखतं हो, झोक्यावर बसून मालिका बघताना का नाही दुखत?

ग्वाल्हेरची_थंडी
माझे तीन स्टेंट, सहा वर्षं झाली. तुमचं थांबलं की जातंय, हे त्यातल्या त्यात बरं. मला इकडे जानेवारीत सकाळी दूध आणायला निघालो की गेटपाशीच पकडायचं, थंडीने नसा आवळतात आणि बीपीपण चढतं. आता फिरायला ऊन पडल्यावर जातो, नाकातोंडावर मफलर, पहिली दहा मिनिटं रमतगमत. लोक हसतात, हसू दे.
एक गाढवपणा सांगतो, तुम्ही करू नका. मेटोप्रोलोलने थकवा यायचा म्हणून मी आपल्या मनाने एकदम बंद केली. तिसऱ्या दिवशी रात्री कॅज्युअल्टीत. ही गोळी कमी करायची तर डॉक्टरच्या सांगण्याने आणि टप्प्याटप्प्याने, नाहीतर दुखणं उसळून येतं.

औषधवाली_ताई
इंदुरातच बावीस वर्षं मेडिकल स्टोअर चालवतेय, डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, तेवढं धरून वाचा.
नाना, तुमच्या लिस्टमध्ये मला पहिल्यांदा खटकलं ते सकाळी ८ आणि रात्री ८. मोनोनायट्रेट दिवसरात्र सारखी अंगात राहिली की शरीर तिला सरावतं आणि ती काम करेनाशी होते, म्हणून २४ तासांत दहाबारा तास तरी तिच्याशिवाय जावे लागतात. साधी २० ची असेल तर दोन डोसांत साधारण सात तास ठेवतात, म्हणजे सकाळी ८ आणि दुपारी ३, रात्र मोकळी. लांब चालणारी एसआर असेल तर सकाळी एकदाच. माझ्या काउंटरवर निम्मे लोक "दिवसातून दोनदा" म्हणजे सकाळ-रात्र असंच धरतात, चिठ्ठीवर वेळ लिहिलेलीच नसते. पण तुम्ही उद्यापासून आपल्या मनाने बदलू नका, हाच प्रश्न डॉक्टरांना विचारा.
दुसरं, सॉर्बिट्रेट. ती न घेता दुखणं सोसत बसणं म्हणजे छत्री काखेत धरून भिजणं. अधूनमधून लागेल तेव्हा घेतली म्हणून सवय लागत नाही. बसून घ्यायची, उभ्याने नाही, बीपी उतरून चक्कर येते. जिभेखाली विरघळू द्यायची, गिळायची नाही. पाच मिनिटात ओसरायला लागलं नाही तर १०८, जावयाच्या गाडीची वाट बघायची नाही. जिना चढण्याआधी पाच मिनिटं घेण्याचीही पद्धत आहे, तेही विचारून ठेवा. डोकं दुखेल, बहुतेकांना काही दिवसांनी कमी होतं.
आणि पुरुषांनो, लाजू नका, सिल्डेनाफिल टाडालाफिल वगैरे लैंगिक ताकदीच्या गोळ्या कुणी घेत असेल तर नायट्रेटच्या, म्हणजे मोनोनायट्रेट किंवा सॉर्बिट्रेटच्या, बरोबर अजिबात नाही, बीपी असं कोसळतं की सावरत नाही.

रामबाग_एक्सप्रेस
भिया ते सगळं सोडा, अर्जुनाची साल आणि लसणाचा काढा, तीन महिन्यात ब्लॉकेज वितळून जातं, माझ्या साडूने केलं.

माळवी_मिरची
साडूची काढ्यानंतरची अँजिओग्राफी पाहिली का तुम्ही? नाही ना. नाना, काढा प्यायचाच असेल तर निदान डॉक्टरला सांगून प्या, रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू आहेत तुमच्या.

बडोद्याचा_पाहुणा
ईईसीपीबद्दल. वडिलांचं केलं होतं, रोज एक तास, ३५ सेशन, सात आठवडे. त्यांना फरक पडला, आधी मांडवीपर्यंत जाताना दोनदा थांबायचे, नंतर एकदा. पण त्यांच्या सगळ्या गोळ्या आधीच पूर्ण डोसला होत्या. तुमचं तर मेटोप्रोलोल २५ वरच आहे, नाडी किती असते तुमची? आमचे डॉक्टर बसल्या जागची नाडी ५५ ते ६० च्या आसपास आणायला बघायचे. गोळ्यांत अजून जागा असताना पॅकेज कशाला घ्यायचं?
अजून एक, स्टेंट उघडा असूनही दुखणारे तुम्ही एकटे नाही. २०२३ ला ऑर्बिटा-२ म्हणून ब्रिटनमधला अभ्यास आला, ३०१ पेशंट, निम्म्यांना खरा स्टेंट आणि निम्म्यांना नुसता देखावा, एंजायनाच्या (म्हणजे अशा छाती आवळण्याच्या) गोळ्या सगळ्यांच्या बंद. स्टेंटवाल्यांना आराम जास्त पडला हे खरंच, पण बारा आठवड्यांनी त्यांच्यातल्याही अर्ध्याहून जास्त लोकांना काही ना काही त्रास होताच.

सुदामानगरचे_नाना
नाडी आत्ता मोजली, ७८. मग स्टेंट उघडा असून दुखतं कशाने?

औषधवाली_ताई
एबी रोड रुंद केला म्हणून सराफ्याच्या गल्लीतला जाम सुटतो का? स्टेंट बसतो मोठ्या नळीत. तिथून पुढे ज्या केसासारख्या नळ्या आहेत त्यांत स्टेंट जात नाही आणि साध्या अँजिओग्राफीत त्या दिसतही नाहीत. काहींच्या नळीला मधूनच पेटका येतो. तिथे गोळ्याच कामाच्या, आणि त्या बऱ्याच आहेत: अम्लोडिपीन, रॅनोलाझिन, निकोरँडिल, ट्रायमेटाझिडीन, आयव्हाब्रॅडिन. कोणाला काय हे बीपी, नाडी, किडनी बघून ठरतं. निकोरँडिलने तोंड येऊ शकतं, ट्रायमेटाझिडीनने क्वचित हात थरथरतात, रॅनोलाझिन चालू असताना घसा धरला म्हणून कुणी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर आधी सांगायचं.
डॉक्टरकडे जाताना "दुखतं" एवढंच सांगू नका. दोन आठवडे वहीत लिहा, किती वाजता, काय करत होतात, किती मिनिटं, सॉर्बिट्रेटने गेलं का. आणि बसल्या जागी, झोपेत दुखलं, किंवा अचानक वाढलं, तर वही राहू द्या, सरळ इमर्जन्सी.

सुदामानगरचे_नाना
*(पाच आठवड्यांनी)*
मंडळी, अपडेट. वही घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी पूर्ण वाचली, माझ्या अक्षरालाही हसले. बँकेच्या लेजरसारखे रकाने पाडले होते ना. मोनोनायट्रेट आता ८ आणि ३, मेटोप्रोलोल वाढवलं, नाडी ६२ वर आली, आणि ईसीजी काढून रॅनोलाझिन ५०० दोन वेळा जोडली. क्लोपिडोग्रेल आता बंद करायची का हेही विचारलं, अजून दोन महिन्यांनी ठरवू म्हणाले. ईईसीपी सध्या नाही. वहीत आधी आठवड्याला नऊ-दहा नोंदी होत्या, गेल्या आठवड्यात दोन, त्यातली एक पाहुण्यांसोबत सराफ्यात गराडू खाऊन लगेच चाललो त्याची. ती चूक कबूल, हिला सांगू नका.
आता नवीन भानगड, रॅनोलाझिनने पोट साफ होत नाहीये. त्यासाठी वेगळा धागा काढू का?

औषधवाली_ताई
इथेच सांगते. इसबगोल, रात्री भरपूर पाण्याबरोबर, आणि बाकीच्या गोळ्यांपासून दोन तास लांब. आठ दिवसांत नाही जमलं तर डॉक्टरला फोन करा, गोळी सोडू नका.

ग्वाल्हेरची_थंडी
आणि नाना, भाजीची पिशवी मुलाला उचलू द्या.