प्रतिसाद: निर्दोष सुटलेल्याची नोंद आणि खटल्याचा पुरावा

'खटला संपला की सगळं रेकॉर्ड नष्ट करावं' हे वरचं मत मला अर्धंच पटतं. माणसाची नोंद आणि खटल्याचा पुरावा यांत फरक करायलाच हवा.

निर्दोष सुटलेल्याचे बोटांचे ठसे, फोटो, डीएनए पोलिसांकडे पडून राहणं हा अन्यायच. इंग्लंडमध्ये अवघ्या ११ वर्षांच्या मुलाला जबरी चोरीच्या प्रयत्नावरून पकडलं होतं. तो निर्दोष सुटला, तरी त्याचे ठसे आणि नमुने ठेवून घेतले. २००८ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने हा खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग ठरवला. आपल्याकडे २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यात अशा नोंदी ठेवायची मुदत ७५ वर्षं आहे. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला आणि अपिलाचे मार्ग संपले, की नोंद नष्ट करायची. पण न्यायालय कारणं लिहून ती ठेवायलाही सांगू शकतं. ही पळवाट मला खटकते.

शिक्षा झालेल्याच्या खटल्यातला पुरावा मात्र घाईने जाळू नका, ही कळकळीची विनंती. रक्ताचा डाग असलेला सदरा पाकिटात सीलबंद राहिला, म्हणून कित्येक वर्षांनी डीएनए चाचणी होऊन निरपराध कैदी सुटल्याची उदाहरणं आहेत. मुद्देमाल खोलीत जागा नाही म्हणून तो सदरा गेला, तर त्या कैद्याने दाद कशाच्या जोरावर मागायची?

आणि नष्ट करायचं ते सगळ्या प्रतींसकट. मुख्य डेटाबेसमधून नाव काढलं आणि बॅकअपमध्ये, ठाण्याच्या रजिस्टरमध्ये तसंच राहिलं, तर चारित्र्य पडताळणीत ते पुन्हा वर येतं.