अर्थशास्त्र शिकून आरोग्य आणि ऊर्जेवर संशोधन करता येतं का?

पऱ्हाटी: एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, पीएचडी करायची आहे. घरी उज्ज्वलाचा गॅस आहे, तरी आई भाकरी चुलीवरच टाकते आणि हिवाळाभर खोकते. मला यावरच काम करायचंय. विभागातले सर म्हणाले, हा विषय डॉक्टरांचा. खरं का?

सरपण: अजिबात नाही. धुराने फुप्फुसाचं काय होतं ते डॉक्टर सांगतील. घरात शेगडी असून ती पेटत का नाही, हे शोधणं आपलं काम.

रेमा हॅना, एस्थर दुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थतज्ज्ञांनी ओडिशात सुमारे २,६०० कुटुंबांचा अभ्यास केला. कमी धुराच्या सुधारित चुली सोडत काढून दिल्या आणि पुढे चार वर्षं नोंदी ठेवल्या. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत जाणारा धूर पहिल्या वर्षी कमी झाला, नंतर फरक उरलाच नाही. चुलीची डागडुजी झाली नाही, वापर घटत गेला. प्रयोगशाळेत पास झालेली चूल घरात नापास झाली.

मी स्वतः वर्ध्याकडच्या गावांत पाहणीला होते. उच्छ्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं छोटं यंत्र असतं. श्वास रोखायचा आणि मग हळू सोडायचा. एका काकूंनी फुंकणीसारखं जोरात फुंकलं. आकडा चढताना पाहून म्हणाल्या, "बिडी ओढणाऱ्याचाबी असाच येते का?" त्यांनी नेमकं ओळखलं होतं, ते यंत्र मुळात धूम्रपान करणाऱ्यांसाठीच वापरतात. कोपऱ्यात सिलिंडर होता, पाहुण्यांच्या चहापुरता. तुराट्या-पऱ्हाट्या शेतातून फुकट येतात, सिलिंडरला रोख पैसे एकरकमी लागतात. कापूस विकला की भरून आणायचा. हे अर्थशास्त्र नाही तर काय?

आणि आईंचा खोकला रेंगाळत असेल तर त्यांची स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी) करून घ्या. संशोधन नंतर.

गोरेगावकर: ताईंशी सहमत. शिवाय विषय चुलीपुरता नाही. चीनमध्ये हुआई नदीच्या उत्तरेला सरकार हिवाळ्यात घरं तापवायला कोळसा पुरवायचं, दक्षिणेला नाही. त्या सीमारेषेवरून २०१३ मध्ये निबंध आला: कोळशाने दूषित झालेल्या हवेमुळे उत्तरेकडचं आयुर्मान सुमारे साडेपाच वर्षांनी कमी. ऊर्जेचं धोरण थेट आयुष्यात मोजलं.

पऱ्हाटी: ताई, पाहणीला पैसे कुठून आणू? गणितही बेताचं आहे.

सरपण: आधी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी (२०१९-२१) घ्या. स्वयंपाकाला इंधन कोणतं, स्वयंपाकघर वेगळं आहे का, पाच वर्षांखालच्या मुलाला गेल्या दोन आठवड्यांत खोकला झाला का, हे सगळं त्यात आहे. फक्त गॅसवाल्या घरातली मुलं कमी खोकतात म्हणून श्रेय लगेच गॅसला देऊ नका. ती घरं मुळात जास्त सुस्थितीतली असतात. हा गुंता सोडवायलाच अर्थमिती (आकडेवारीतून कारण आणि परिणाम तपासायचं शास्त्र) लागते, म्हणून संख्याशास्त्र आणि रेषीय बीजगणित या सुट्टीत पक्कं करा. मार्गदर्शक निवडताना डॉक्टरांबरोबर काम केलेला माणूस बघा. प्रस्ताव लिहून झाला की इथेच टाका, मी ओळ न् ओळ वाचेन.