मदत हवी आहे: इंग्रजीत एस लावला तरी चूक, नाही लावला तरी चूक

शहापूरची_आई:
पोराच्या इंग्रजीच्या वहीत नुसते लाल गोल. एस लावला तिथं खोडलंय, नाही लावला तिथं घातलाय. टीचरनी कारण काही लिहिलेलं नाही आणि उद्या तोंडी विचारणार आहेत. पोरगं रडूलंय. एस कधी लावायचा ते एका ओळीत सांगा. पुस्तकं सुचवू नका, वेळ नाही.

खानापूरकर:
कितवीत आहे? आणि एस नामाचा की क्रियापदाचा?

निपाणीचे_मास्तर:
सोपं आहे. अनेकवचन झालं की एस. शब्द एस, एक्स, एसएच किंवा सीएचनं संपला तर ईएस: बसेस, बॉक्सेस. शेवटी वाय आणि त्याच्या आधी व्यंजन असेल तर वाय काढून आयईएस: सिटीज, बेबीज. आधी स्वर असेल तर नुसता एस: बॉईज. शेवटी एफ आला की व्हीईएस: लीफचं लीव्हज. पाठ करून घ्या, विषय संपला.

टिळकवाडी_७२:
कसला संपतोय मास्तर! रूफचं रूफ्सच होतं, चीफचं चीफ्स. पोटॅटोला ईएस, फोटोला नुसता एस. शीपला तर काहीच नाही.

शहापूरची_आई:
अहो, बॉईजचं स्पेलिंग त्याचं बरोबरच आहे.

उचगाव_वेस:
ताई, क्रियापदं पाठ करून घ्या. गो-वेंट-गॉन, कम-केम-कम. आमचे सर सकाळी उभं करून म्हणवून घ्यायचे.

टिळकवाडी_७२:
ती अनियमित. नियमितला पाठांतर कशाला? ईडी लावा, झालं.

निपाणीचे_मास्तर:
नुसतं ईडी नाही. स्टॉप्डमध्ये पी दोनदा येतो.

उचगाव_वेस:
मग व्हिजिटेडमध्ये टी एकदाच का?

निपाणीचे_मास्तर:
जोर बघायचा. ॲडमिट म्हणताना जोर ‘मिट’वर, म्हणून ॲडमिटेडला दोन टी. व्हिजिटमध्ये जोर ‘व्हि’वर, म्हणून एकच.

टिळकवाडी_७२:
ट्रॅव्हलमध्येही जोर पुढेच आहे. तरी ट्रॅव्हल्डला आपण दोन एल लिहितो ते?

निपाणीचे_मास्तर:
ती ब्रिटिश रीत. अमेरिकन लोक एकच लिहितात. तुम्हाला फक्त खुसपट काढायचंय.

कॅम्पातला:
लिहिणं राहू द्या, आधी ‘वॉशेड’ म्हणणं बंद करा. वॉश, स्टॉप, लाफ यांच्यापुढं ईडीचा उच्चार ‘ट’. प्ले, कॉलपुढं ‘ड’. ‘इड’ फक्त टी किंवा डीनंतर: वॉन्टेड, नीडेड.

शहापूरची_आई:
उच्चार कुणी विचारला?

घाटमाथा:
बेळगावीत चांगले क्लास आहेत की, घाला एखाद्या.

उचगाव_वेस:
बेळगाव म्हणा.

घाटमाथा:
१ नोव्हेंबर २०१४ पासून कागदोपत्री बेळगावीच आहे.

उचगाव_वेस:
कागदाला विचारून बोलतो काय आम्ही?

संचालक:
नावाचा वाद इथं नको. पुढचे प्रतिसाद उडवले आहेत.

खानापूरकर:
ताई, मी काय विचारलं ते राहिलंच. चुकलेली वाक्यं जशीच्या तशी लिहा.

शहापूरची_आई:
सहावी, मराठी मीडियम. वाक्यं: ‘द बॉईज प्लेज क्रिकेट.’ प्लेजचा एस खोडलाय. ‘माय सिस्टर सिंग.’ इथं एस घातलाय. ‘ही डज नॉट प्लेज.’ हाही गोल.

खानापूरकर:
हे आधी टाकलं असतं तर एवढी खोगीरभरती झाली नसती. नामाचा एस आणि क्रियापदाचा एस वेगळे. नामाला लागला की पुष्कळ, क्रियापदाला लागला की एकटा. आपल्याकडं मुलगा खेळतो, मुलं खेळतात. शाळेत कन्नड शिकतो तिथंही हुडुगा आडुत्ताने, हुडुगरु आडुत्तारे. दोन्हीकडं कर्ता बदलला की क्रियापदाचा शेवट बदलतो, म्हणून पोरानं बॉईज बघून प्लेलाही एस चिकटवला. इंग्रजीत बॉय प्लेज, पण बॉईज प्ले. ही, शी, इट किंवा एकवचनी नाम असेल तरच क्रियापदाला एस, तोही साध्या वर्तमानकाळात. आय आणि यूला नाही. भूतकाळात ही भानगडच नाही, सगळ्यांना प्लेड. डज आलं की एस त्याच्याकडं गेला, पुढं कोरं प्ले. डिडनंतरही कोरंच, ‘डिड नॉट प्लेड’ नव्हे.

टिळकवाडी_७२:
पीपलला एस नसतो, तरी पीपल प्ले होतं. ते राहिलं.

निपाणीचे_मास्तर:
सहावीतलं पोर आहे हो ते!

शहापूरची_आई:
‘माय मदर अँड फादर’ला काय? दोघं एकेकटेच आहेत.

खानापूरकर:
अँडनं जोडले की दोघं झाले. वर्क, एस नाही.

शहापूरची_आई:
आणि ‘ही कॅन’ असेल तर?

खानापूरकर:
ही कॅन प्ले. कॅनलाही एस नाही, प्लेलाही नाही.

शहापूरची_आई:
बरं. जेवण झालं की हीच वाक्यं उलटीपालटी करून विचारते.

उचगाव_वेस:
गो-वेंट-गॉनही घ्या लगे हात.