दमलेले सेल रात्रभरात ताजे कसे होतात?

रामबागची सून:
आमच्याकडे सासूबाईंची एक जुनी लोखंडी बॅटरी आहे, दोन मोठ्या सेलांची, पिवळ्या बल्बची. एलईडी त्यांना चालत नाही, 'डोळ्यांत घुसतो' म्हणतात. परवा इंदूरला धो धो पाऊस, लाइट गेली ती दोन तास आलीच नाही. बॅटरी आधी झकास. वीसेक मिनिटांत उजेड हळदीसारखा झाला, मग बल्बातली तार नुसती लाल. मी म्हटलं, संपले सेल, सकाळी टाकून देते. सासूबाईंनी बॅटरी बंद करून उशाशी ठेवली. म्हणाल्या, "टाकू नकोस गं, दमलेत ते."

सकाळी बटण दाबलं तर भिंतीवर लख्ख गोल! पाच मिनिटं टिकला. चार्जरला लावले नव्हते, काही नाही. मग ही ताकद आली कुठून? त्यात मुलाने (अकरावी सायन्स, म्हणजे घरातला शास्त्रज्ञ) मीटर लावला, तर एकेका सेलला १.३५ व्होल्ट. मग सेल जिवंत की मेलेला? आणि सासूबाई सेल उन्हातही ठेवतात, त्याने काही होतं का?

नवसागर:
ताई, सासूबाईंचा शब्द अगदी बरोबर आहे. चाळीस वर्षं मुलांना केमिस्ट्री शिकवली, पण 'दमलेत' इतकं सोपं मला सुचलं नाही.

साध्या सेलचं बाहेरचं डबडं जस्ताचं, मधोमध कार्बनची कांडी, आणि भोवती काळा मसाला. तो मसाला म्हणजे मँगनीज डायऑक्साइड आणि कार्बनची पूड, नवसागराच्या किंवा झिंक क्लोराइडच्या पाण्यात भिजवलेली. (नवसागर तोच, कल्हईवाला भांड्यावर टाकायचा तो.) जस्त विरघळतं, त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन बल्बमधून फिरून कांडीवाटे मसाल्यात येतात. मसाल्याच्या कणाचा पृष्ठभाग आधी वापरला जातो, आतला गाभा कोराच असतो. इलेक्ट्रॉनच्या जोडीने कणात शिरणारे हायड्रोजनचे आयन (भारित कण) गाभ्यापर्यंत झिरपायला वेळ लागतो, आणि बल्ब तर पाव अँपिअरच्या आसपास करंट एकसारखा ओढतो. तिकडे जस्ताजवळ क्षारांची गर्दी होते ती वेगळीच. व्होल्टेज बसतं.

मे महिन्यातली माळव्यातली विहीर आठवा. मोटर लावली की तासाभरात तळ दिसतो, रात्रभर थांबलं की पाझराने पुन्हा गुडघाभर पाणी. सेलमध्येही तसंच, विश्रांतीत पृष्ठभागावर साचलेले आयन गाभ्यात झिरपतात आणि पृष्ठभाग पुन्हा कामाला मोकळा होतो. नवीन ताकद काही येत नाही. आणि या विहिरीला पाऊस नाही, त्यामुळे दर वेळी पाणी कमीच.

लेक्लांशे नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १८६६ साली या जातीचा सेल केला तो काचेच्या बरणीत, पातळ द्रावणाचा. तो दारावरच्या घंटीला आणि तारयंत्राला चालायचा, कारण घंटी वाजते क्षणभर आणि मग स्वस्थ असते. एकसारख्या करंटला तो तेव्हाही बिचारा होता.

उन्हाने आतल्या हालचालीला वेग येतो, म्हणून थोडा वेळ बरं वाटतं. पण त्याच उन्हाने सेल पडून पडून संपतोही लवकर, आणि पाझरतो.

जुनामीटर:
मुलाला सांगा, मीटर बल्ब चालू असताना लाव. मीटर स्वतः नावापुरता करंट घेतो, म्हणून दमलेला सेलही त्याला ऐटीत १.३५ दाखवतो. पलंगावर बसून "मी ठणठणीत आहे" म्हणणाऱ्या म्हाताऱ्यासारखं. जिना चढायला लावा.

आणि रिमोटमधले सेल फिरवले की चालतात, त्यात विश्रांती कमी आणि पट्टीवरचा गंज घासला जाणं जास्त.

रामबागची सून:
केला प्रयोग. बंद असताना १.३४. बल्ब लावला की १.१, आणि बघता बघता ०.९. दुसऱ्या सकाळी उजेड दोन मिनिटं, तिसऱ्या सकाळी 'आई बघ' म्हणेपर्यंत गेला.

सेल टाकायची मात्र बंदीच आहे. शेवटी मुलाने त्यातल्या एकाला दोन वायरी जोडून बैठकीतल्या भिंतीवरच्या घड्याळाला लावल्या. सेल खाली सेलोटेपने लटकतोय. घड्याळ चार दिवस बरोबर चालतंय! येणारा प्रत्येक जण आधी तेच विचारतो.

नवसागर:
चालणारच. घड्याळ सेकंदाला एक टिचकी मारण्यापुरता करंट घेतं, तेवढा पाझर आहे अजून. महिनोन्‌महिनेही चालेल.

जुनामीटर:
खाली सोफा आहे का? जस्ताचं डबडंच झिजत असतं, एक दिवस भोक पडून चिकट पाणी गळेल. माझा ट्रान्झिस्टर असाच गेला, स्प्रिंगसकट. एक वाटी ठेवा.

रामबागची सून:
सोफाच आहे. सासूबाईंनी वाटी ठेवली. स्टीलची दिली नाही, प्लास्टिकची.